अण्णांची सातवी नळी

१

अण्णा गेले त्याच्या सहाव्या दिवशी त्यांचा खुनी सापडला. खुन्याला चार पाय होते, एक कान अर्धा होता, आणि त्याला पकडायला आलेल्या माणसाच्या बुटावर हनुवटी ठेवून तो चक्क झोपला. इतका सोशिक आरोपी खात्याला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता.

पाठोपाठ पत्र आलं. 'मयताचा रक्तनमुना व मयताचे घरातील कुत्र्याचा रक्तनमुना हे दोन्ही लेप्टो रोगाच्या कुत्र्याच्या वाणास पॉझिटिव्ह आढळल्याने, नियमानुसार सदर कुत्र्यास शनिवारी सकाळी अकरा वाजता वेदनारहित मरण देण्यात येईल. सहकार्य करावे.' सहकार्य नेमकं कुणी करायचं, कुत्र्यानं की घरच्यांनी, ते लिहिलं नव्हतं.

कुत्र्याचं नाव जमादार. तीन वर्षांपूर्वी त्याला रस्त्यावरून उचलून घरी आणलं ते धाकटीनं. धाकटी म्हणजे अण्णांची मुलगी. वय वर्षं चौतीस, पण घरात एकदा धाकटी ठरलेलं माणूस मरेपर्यंत धाकटंच राहतं. तिनं पत्र दोनदा वाचलं. आत काही हललं नाही. सहा दिवस हे असंच चाललं होतं. दाताच्या डॉक्टरानं सुई देऊन बाहेर बाकावर बसवलं की ओठ जसा आपला असूनही आपला नसतो, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं.

"मी सांगत होतो," दादा म्हणाला. "रस्त्यावरचं जनावर घरात नको. तूच आणलंस."

"अहो, आता कशाला ते," वहिनी म्हणाली.

"आता नाही तर कधी? अण्णांना विचारून आणलं होतं का?"

"अण्णांच्याच मांडीवर झोपायचा की तो."

"हो ना! म्हणून तर!"

धाकटीनं मनात हिशेब मांडला. कुत्रा मी आणला, कुत्र्यानं अण्णांना मारलं, म्हणजे अण्णांना मीच मारलं. बेरीज तिसरीतल्या पोराला जमेल इतकी सोपी होती. धाकटी उठली, चपला घातल्या आणि कामावर गेली. तिची अजून चार दिवस रजा शिल्लक होती. रजा शिल्लक असताना कामावर येणारा माणूस खात्यात एक तर वेडा समजला जातो, नाही तर चौकशी समिती.

२

धाकटी काम करायची त्याच प्रयोगशाळेत अण्णांनी एकतीस वर्षं काढली होती. माणसं, गुरं, कुत्री, सगळ्यांचं रक्त तिथं येई. लेप्टोचा जंतू जनावरांच्या लघवीतून पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून माणसात शिरतो. मग ताप, लाल डोळे, कावीळ, शेवटी मूत्रपिंडं. अण्णांनी हा क्रम पाठ असल्यासारखा नऊ दिवसांत पुरा केला होता.

हा रोग ओळखायचा कसा, तर जंतू जिवंत पाळून. दहा नळ्यांत दहा वाण. प्रत्येक वाण ज्या जनावरात जास्त सापडतो त्याच्या नावानं ओळखला जाई. चार नंबर उंदराचा, सात नंबर कुत्र्याचा. रोग्याचं सीरम दहाही वाणांत घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. काळ्या पडद्यावर मळसूत्रासारखे वळवळणारे पांढरे धागे दिसतात. ज्या वाणाची शरीराला ओळख झालेली असेल त्याच्या धाग्यांची गुठळी होते. सीरम जितकं पातळ करूनही गुठळी होईल तितका आकडा मोठा आणि तितका संशय दाट.

नळ्यांना दर सोमवारी ताजं खाणं लागे. ते अण्णा देत. "माझी दहा पोरं," असं ते म्हणत, आणि एखाद्यानं धाकटीकडे बोट दाखवलं तर, "ही अकरावी. हिला खायला घालायला लागत नाही, ही उलट मलाच खाते."

"तुझ्याच वडिलांचं रक्त तुला वाचायला देणं नियमात बसेना गं," शेजारच्या टेबलावरची चष्मेबाई म्हणाली. दोन चष्मे बाळगणारी ही बाई एक डोळ्यांवर लावी आणि दुसरा शोधत असे. "म्हणून मी वाचलं. दोनदा वाचलं."

तक्त्यावर अण्णांच्या नावापुढे चार नंबरला बत्तीसशे होते. सात नंबरलाही बत्तीसशे.

"बरोबरी झाली," साहेब म्हणाले. साहेब गोल चेहऱ्याचे, सगळ्यांशी प्रेमानं वागणारे. कुठलीही अडचण प्रेमानं दुसऱ्याच्या टेबलावर सरकवणारे. "उंदीर की कुत्रा? मग मी डोकं चालवलं. अण्णांच्या मांडीवर उंदीर बसायचा का? नाही. संपलं."

"पण साहेब, कुत्र्याचा आकडा फक्त शंभर आहे."

"शंभर म्हणजे पॉझिटिव्ह. हे मी ठरवलेलं नाही बाई. माझ्या आधीच्या साहेबांनी ठरवलं, आणि ते वारले. आता बदलायचं कुणी?"

धाकटीनं तक्ता पुन्हा पाहिला. जमादारचा चार नंबर शंभर, सात नंबर शंभर. अण्णांचे दोन्ही बत्तीसशे. दोन वेगळे वाण, दोन वेगळी रक्तं, आणि दोन्हीकडे एकमेकांची नक्कल केल्यासारखे आकडे. सख्खे जुळे भाऊसुद्धा इतक्या एकमतानं वागत नाहीत.

३

कुत्र्यांच्या डॉक्टरच्या हातांवर इतके ओरखडे होते की त्याला धंद्याची पाटी लावायची गरज नव्हती.

"जमादार? पाच आठवड्यांपूर्वी मीच लस टोचली की त्याला. अण्णा घेऊन आले होते."

"लसीत वाण कुठले असतात?"

"उंदराचा आणि कुत्र्याचा. लसीनंतर रक्तात थोडी गुठळी येणारच. शंभर, दोनशे. लस घेतलेला कुत्रा लस घेतल्यासारखा वागला, त्याला फाशी कसली देता?"

"रक्ततपासणीच्या फॉर्मवर 'लस: नाही' लिहिलंय."

"कुणी?"

फॉर्म भरताना दादा हजर होता. धाकटीनं तिथूनच त्याला फोन लावला.

"मी 'माहीत नाही' म्हणालो होतो," दादा म्हणाला. "तो कारकून म्हणाला, आहे की नाही ते बोला. माझ्याकडे चौकटी दोनच आहेत."

"मग?"

"मग काय? मागे रांग होती."

डॉक्टर प्रयोगशाळेत आला, मागच्या अंगणातल्या पिंजऱ्यात ठेवलेल्या जमादारची लघवी त्यानं धरली आणि यंत्रात घातली. दुसऱ्या दिवशी निकाल आला. जंतूचा मागमूस नाही. त्यानं पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.

धाकटी दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेली. त्यांनी ते प्रेमानं वाचले.

"छान. पण जंतू लघवीत कधी येतो, कधी येत नाही. आज नाही म्हणजे महिन्यापूर्वी नव्हता असं कसं म्हणणार? तुम्हीच शिकवता ना नव्या लोकांना?" तेच शिकवायची ती. "कुत्र्याचं राहू द्या बाजूला. अण्णांच्या रक्तात कुत्र्याचा वाण बत्तीसशे आहे. तो दुसरीकडून आला असं दाखवा आणि कुत्रा घरी न्या. नाही तर शनिवारी अकरा."

४

बुधवारी दुपारी धाकटी जुन्या नोंदवह्या घेऊन बसली. शोधायचं काय ते तिला नीट सांगता आलं नसतं. बत्तीसशे-बत्तीसशे, शंभर-शंभर, एवढंच डोक्यात होतं.

शेवटच्या पानापासून ती मागे चालली. एक गाय: चार नंबरला दोनशे, सातला दोनशे. एक गवंडी: आठशे, आठशे. एक कुत्रा: शंभर, शंभर. एक म्हैस: दोन्हीकडे काहीच नाही. बोट एका स्तंभावरून दुसऱ्यावर जाई आणि तिथं तोच आकडा वाट बघत उभा असे. बाकीच्या आठ नळ्या आपापल्या मतानं वागत होत्या. चार आणि सात मात्र लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या नवरा-बायकोसारख्या एकच वाक्य बोलत होत्या.

दोनशे बारा नमुने. अठरा महिने. आणि बहुतेक अक्षर तिचं स्वतःचं. दीड वर्ष तिनंच हे आकडे शेजारी शेजारी लिहिले होते. माणूस रोज आरशात भांग पाडतो, पण नाक कुठे आहे ते बघत नाही, त्यातला प्रकार.

तिनं आणखी एक पान उलटलं आणि तिथं जोडी फुटली. चारशे आणि काही नाही. शंभर आणि सोळाशे. त्याच्या मागेही तसंच, वर्षानुवर्षं. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणजे एका ठराविक आठवड्यापर्यंत सात नंबरच्या नळीत कुत्र्याचा वाण होता, आणि त्यानंतर त्या नळीत दुसरंच कुणीतरी राहायला आलं होतं.

तिनं तारीख पाहिली. मग बोट तिथंच ठेवून बसली. तारीख ओळखीची होती. त्या आठवड्यात आई गेली.

५

संशयाला जागा एकच होती. त्या वेळी आई तीन आठवडे दवाखान्यात होती आणि अण्णा तिच्या उशाशी. म्हणजे तीन सोमवार नळ्यांना कुणीतरी दुसऱ्यानं जेवू घातलं असणार, आणि दुसरं माणूस म्हणजे चष्मेबाई.

"मी?" चष्मेबाईनं चष्मा काढला. "मी हात नाही लावला. कपाटाची किल्ली अण्णांकडे. मागायला गेले तर म्हणाले, 'माझी पोरं आहेत, मी बघतो.' तुझ्या आईच्या खाटेशी बसलेल्या माणसाशी हुज्जत घालायची का मी?"

"पण वहीत तिन्ही सोमवारी सह्या आहेत."

"कुणाच्या?"

धाकटीनं सोमवारची वही पुढे केली. तिन्ही सह्या अण्णांच्या होत्या. एकाच शाईच्या, एकाच बैठकीत केल्यासारख्या. त्यातल्या मधल्या सोमवारी दिवसभर अण्णा दवाखान्यातल्या बाकावर धाकटीच्याच शेजारी बसले होते. त्या दिवशी ते एकदाच उठले, तेही पंखा बंद करायला.

चष्मेबाईनं वही पाहिली, दुसरा चष्मा लावून पुन्हा पाहिली, आणि फ्रीजमधून दोन कुप्या काढून टेबलावर ठेवल्या. प्रत्येक वाणाचं एक ठरलेलं सीरम असतं. ते फक्त आपल्याच वाणाची गुठळी करतं, दुसऱ्याला ओळखही देत नाही. नळीत लिहिलंय तोच वाण आहे ना, हे दर सहा महिन्यांनी त्यानं तपासायचं. ते काम अण्णांचं, आणि वहीत त्याचीही खूण नेमानं केलेली होती.

दोन तासांनी धाकटीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सात नंबरच्या नळीत सात नंबरचं सीरम: धागे मजेत पोहत होते. सात नंबरच्या नळीत चार नंबरचं सीरम: गुठळी. पांढरीशुभ्र, टपोरी.

"उंदराचा वाण," चष्मेबाई म्हणाली. "दोन्ही नळ्यांत."

तीन आठवडे उपाशी राहून नऊ पोरं तगली होती आणि एक गेलं होतं. एकतीस वर्षांत अण्णांच्या हातून एक नळी मेली नव्हती. हे ते नव्या माणसाला नावाच्या आधी सांगत. आईला पोचवून ते कपाट उघडायला आले असतील आणि सातवी नळी स्वच्छ, पाण्यासारखी नितळ दिसली असेल. दुसऱ्या शहरातून नवा वाण मागवायचा तर कारण लिहून द्यावं लागलं असतं. त्यांनी चौथ्या नळीतले चार थेंब सातव्या नळीत घातले. एका आठवड्यात दोन मरणं त्यांना सांगता आली नसतील. एक सांगितलं.

"कुणाला बोलू नकोस," चष्मेबाई हलक्या आवाजात म्हणाली. "माणूस गेला. आता त्याच्या सह्यांचा काय हिशेब?"

धाकटीनं दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला फोन लावला आणि खरा सात नंबर मागवला. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "आमचा मेला." दीड वर्ष कुणाला न जमलेलं ते वाक्य दोन शब्दांचं होतं.

६

शुक्रवारी नळी आली. खऱ्या सात नंबरमध्ये अण्णांचं सीरम घातलं तर एकाही धाग्यानं दुसऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. कुत्र्याचा वाण अण्णांच्या अंगात कधी शिरलाच नव्हता. मारलं ते उंदराच्या वाणानं.

आता उंदीर कुठला?

"ताप कधी आला त्यांना?" कुत्र्यांच्या डॉक्टरनं विचारलं. "त्याच्या दहा-बारा दिवस मागे जा. तेव्हा पाण्यात कुठे उतरले होते?"

धाकटीनं कॅलेंडरवर मागे मोजलं. बोट थांबलं तिथं चष्मेबाईनंच लाल पेनानं लिहून ठेवलं होतं: 'पाणी नाही, तळघरात पाइप फुटला.'

"दोन दिवस खोकी वाहिली अण्णांनी," चष्मेबाई म्हणाली. "गुडघाभर पाणी होतं. बूट भिजतील म्हणून काढून ठेवले. मी म्हटलं, अण्णा, टाचा बघा केवढ्या फुटल्यात. तर म्हणे, 'बूट नवे आहेत. टाचा जुन्याच आहेत.'"

तळघरात जुनी कागदपत्रं होती. खोक्यांचे कोपरे कुरतडलेले, भिंतीलगत काळ्या लेंड्यांची ओळ, आणि पाणी ओसरलं तरी वास तसाच. डॉक्टरनं लगेच दोन पिंजरे लावले. पहाटेपर्यंत त्यांत तीन उंदीर मिळाले. त्यांची मूत्रपिंडं यंत्रात गेली आणि शनिवारी सकाळी साडेदहाला कागद बाहेर आला. तिन्हींत जंतू.

धाकटी तो कागद घेऊन मागच्या अंगणात आली तेव्हा पिंजऱ्यापाशी साहेब उभे होते. बाजूच्या स्टुलावर सुई तयार होती. जमादार तिच्याकडे बघून शेपटी आपटत होता. खटल्याची त्याला काही कल्पना नव्हती.

साहेबांनी सगळे कागद वाचले. चेहऱ्यावरचं प्रेम किंचितही कमी झालं नाही.

"तळघरात उंदीर आहेत अशी तक्रार दोनदा आली होती माझ्याकडे," ते म्हणाले. "मी ती पुढे पाठवली होती."

"कुणाकडे?"

"तेच आठवत नाही." त्यांनी पिंजऱ्याची कडी काढली. "हे बघा बाई. कुत्र्याला लस दिली होती, कारकुनाची चौकट चुकली. एवढंच लिहा. कुत्रा आत्ता घरी न्या. तळघर राहील तळघराच्या जागी, आणि अण्णांचं नाव अण्णांच्या जागी. एकतीस वर्षं! उगाच कशाला?"

जमादार बाहेर आला आणि तिच्या पायांवर बसला. हवं होतं ते मिळालं होतं. कुत्रा जिवंत होता, आणि अण्णांना तिनं मारलं नव्हतं, हेही तिला कळलं होतं. दोन्ही बाबतीत आत काही हललं नाही.

"साहेब, सोमवारी तळघरात कुणी उतरणार आहे का?"

"दोन माणसं. उरलेली खोकी आणायची आहेत."

"बूट घालून?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आणि दीड वर्षात सात नंबरच्या आकड्यावरून आपण चार कुत्री मारली," धाकटी म्हणाली. "काढलंय मी. चारही पत्रांखाली तपासणारी म्हणून माझी सही आहे."

"ती मेली बाई. आता त्यांना काय फरक पडतो?"

"कुत्र्यांना नाही पडत," धाकटी म्हणाली.

त्या चार घरांतही ते कुत्रं कुणीतरी आणलेलं असणार. कुणीतरी बोट दाखवलं असणार, तूच आणलंस म्हणून. तिला बेरीज करून बसायला सहा दिवस मिळाले होते. तिथं कुणाला वर्ष होऊन गेलं असेल.

७

अहवाल दीड पानाचा झाला. सात नंबरची नळी कधी मेली, कुणी भरली, सह्या कुणाच्या, तळघरात काय सापडलं, त्याची तक्रार कुणाकडे आली होती. अण्णांचं पूर्ण नाव लिहिताना तिनं हुद्दाही लिहिला. खाली स्वतःची सही केली, कारण दीड वर्ष जोडीनं चालणारे आकडे तिनंही पाहिले नव्हते.

चष्मेबाईनं वाचलं. "बापाचं नाव घातलंस."

"हो."

"रडलीस का गं एकदा तरी?"

"नाही."

चष्मेबाईनं दोन्ही चष्मे खिशात घातले आणि अहवालाच्या प्रती काढायला गेली. एक प्रत साहेबांना न विचारता वर जाणार होती. दुसरी तळघराच्या दारावर चिकटणार होती, वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत.

घरी दादानं दार उघडलं, जमादारकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "काय निघालं?" तिनं सांगितलं. तो उंबऱ्यातून बाजूला सरला. "त्याला पाणी दे," म्हणाला वहिनीला. "आठवडाभर कुणी दिलं की नाही देव जाणे." माफी मागायची हीच पद्धत त्याला येत होती.

धाकटी चार पत्त्यांचा कागद घेऊन फोनपाशी बसली. पहिल्या घरात नवरा आजारी पडून बरा झाला होता, आणि बायकोची कुत्री मारली गेली होती. फोन बाईंनीच उचलला. धाकटीनं कुठून बोलते ते सांगितलं, आणि मग जे सांगायचं ते एका दमात सांगितलं: आमची तपासणी चुकली होती. तो रोग तुमच्या कुत्रीकडून आला नव्हता. यजमानांना झाला तो उंदरांमुळे. औषध दोन्हीला एकच असतं, त्यामुळे उपचारात चूक झाली नाही. पण घरामागे उंदीर असतील तर त्यांचं बघा. आणि कुत्री तुम्ही आणली म्हणून काही झालं नव्हतं.

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"सासूबाई अजून बोलत नाहीत माझ्याशी," बाई म्हणाल्या. "चौदा महिने झाले." मग, "चूक कुणाची होती?"

"आमच्याकडचे एक कर्मचारी होते. माझेच वडील."

"मला बोलायचंय त्यांच्याशी. द्या त्यांना फोन."

"ते..." धाकटी म्हणाली. आठ माणसांनी आठ तऱ्हांनी तिला सांगून झालं होतं. तिला स्वतःला ते कुणाला सांगावं लागलं नव्हतं. तिनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"ते गेले हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच फुटला.

पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही.